मोंटेक्रिस्टो नंबर 4: एक पेटी आणि मुंबईचा पावसाळा

आधी आकाराचं सांगतो. मोंटेक्रिस्टो नंबर 4 ही क्यूबन सिगार 129 मिलिमीटर लांब आणि 42 रिंग गेजची. रिंग गेज इंचाच्या 64व्या भागात मोजतात, म्हणजे जाडी सतरा मिलिमीटरच्या आतच. हल्ली 54-60 गेजच्या जाडजूड सिगार मिरवायची फॅशन आहे, त्यांच्यापुढे ही अगदीच किडकिडीत दिसते. पण बारीक सिगारमध्ये वरच्या पानाची, रॅपरची, चव जास्त कळते आणि पाऊण तासात काम उरकतं. बाल्कनीत दीड-दीड तास बसून राहायला वेळ कोणाला आहे?

पेटी 25 ची, दुबईहून आणलेली. घेताना पेटी उलटी करून तळाचा शिक्का बघायचा: कारखान्याचा कोड आणि त्याखाली स्पॅनिशमध्ये महिना-वर्ष. माल किती मुरलाय ते त्यावरून कळतं. पान आंबवतात, त्यामुळे ताज्या सिगारला अमोनियाचा उग्र दर्प येतो आणि तो पडून राहिल्यावरच जातो. नवीकोरी पेटी आणि दोन-तीन वर्षं मुरलेली पेटी एकाच भावात मिळत असेल तर डोळे झाकून जुनी उचला.

आता खरा मुद्दा. ह्युमिडोरवरचे (सिगार योग्य ओलाव्यात ठेवायच्या डब्यावरचे) बहुतेक सल्ले कोरड्या, थंड देशांतले. स्पंज ओला करा, डिस्टिल्ड वॉटर भरा वगैरे. मुंबईत जूननंतर तसं केलंत तर बुरशीच येईल. इथे ओलावा द्यायचा नसतो, आवरायचा असतो. मी 65 टक्के आर्द्रता राखणारी दुतर्फा पाकिटं ठेवतो. जास्तीचा ओलावा ती शोषतात, कमी पडला तर सोडतात. पावसाळ्यात ती फुगतात, मग बदलायची. आर्द्रता मोजायच्या काट्यावरही आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाण्याने ओलं करा आणि काट्यासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवायला हवं. नाही दाखवलं तर जितका फरक तितका मनातल्या मनात धरायचा.

जुलैत ओढलेली आणि नोव्हेंबरात ओढलेली, पेटी एकच, पण सिगार जणू दोन वेगळ्या. जुलैत एक कड भराभर जळायची आणि दुसरी तशीच राहायची, लायटर सारखा हातात. झुरकाही जड, कारण ओल्या हवेत पान फुगतं. आत तीन तऱ्हेची पानं असतात: व्होलादो नीट जळण्यासाठी, सेको सुगंधासाठी आणि लिहेरो ताकदीसाठी. लिहेरो झाडाच्या शेंड्याकडचं, जाड आणि तेलकट, म्हणून ते मधोमध घालतात. मुळातच हळू जळणारं हे पान दमट झालं की आणखी मागे पडतं आणि राख झाडल्यावर मध्ये काळा सुळका दिसतो. नोव्हेंबरात मात्र जळण्याची रेघ सरळ, धूर दाट आणि थंड. ओढण्याआधी चिमटीत हलकं दाबून बघायचं: किंचित दबून परत वर आली तर ठीक, कुरकुरली तर सुकलीये, दबलेलीच राहिली तर अजून आठवडाभर ठेवा.

चवीचं म्हणाल तर सुरुवात फिकी, सुकं लाकूड आणि थोडासा कोको. मधल्या भागात कॉफीचा कडवटपणा येतो आणि ओठांवर बारीकसा खारटपणा. पेटी घ्यायची ती याच भागासाठी. थोडा धूर नाकावाटे सोडला की मिरीचा झणका लागतो. शेवटच्या भागात ताकद वाढते. तिथे घाई केली की चव गेलीच, मिनिटाला एक झुरका पुरे. लेबलापर्यंत ऊब आली की मी थांबतो. अ‍ॅशट्रेत चिरडू नका, नुसती ठेवली की आपोआप विझते. चिरडलीत तर वास दोन दिवस घरात, आणि त्यावरून ऐकावं लागतं ते वेगळंच.

शंभरपैकी गुण मी देत नाही. हाताने वळलेल्या 25 सिगार तंतोतंत सारख्या नसतात. एकच ओढून 91 की 92 ठरवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तेच पांढऱ्या राखेच्या कौतुकाचं. राखेचा रंग बराचसा मातीतल्या क्षारांवर ठरतो. राख लांबवर न पडता टिकली तर आत सबंध पानं आहेत आणि वळणाऱ्याचा हात चांगला, एवढंच त्यातून कळतं.

धूर घशाखाली उतरवायचा नसतो, म्हणून सिगार निरुपद्रवी असं समजू नका. निकोटिन तोंडातूनच भिनतं, उपाशीपोटी ओढलीत तर गरगरतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. म्हणून माझं प्रमाण महिन्याला दोन-तीनच्या वर जात नाही. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये.

पुन्हा घेईन का? घेईन, पण दिवाळीच्या आसपास, तळाचा शिक्का बघून. आणि पुढच्या पावसाळ्यात पेटीला हातच लावणार नाही.