झिजलेल्या आट्यांसाठी वायर इन्सर्टचा संच: वापरानंतरचे मत

जुन्या गाडीच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधील (इंजिनाच्या वरच्या भागातील) एम८, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या, बोल्टचे आटे गेल्यावर हेड बदलण्याऐवजी मी स्टेनलेस स्टीलच्या वायर इन्सर्टचा, म्हणजे भोकात बसवून नवे आटे देणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचा, संच घेतला. त्यात ८.३ मिमीचे ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार), इन्सर्ट बसवण्याची दांडी आणि १२ मिमी लांबीचे इन्सर्ट होते. हा टॅप नेहमीच्या एम८ टॅपपेक्षा मोठा असतो, कारण त्याने पाडलेल्या आट्यांत तारेचे वेटोळे घट्ट बसते आणि त्याच्या आतल्या बाजूस १.२५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधील अंतराचे) मूळ मापाचे आटे मिळतात.

टॅप उत्तम धारेचा आहे. त्यावर ग्रीस लावल्याने बराचसा चुराही त्यालाच चिकटून बाहेर आला. ड्रिल मात्र सुमार वाटले, आणि भोक तिरके गेले तर पुढचे सारे कौशल्य वाया जाते, म्हणून ते मी वेगळे आणून काटकोनात धरूनच चालवले. इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवावा लागतो. त्यानंतर त्याची शेपटी, म्हणजे बसवताना दांडीत अडकणारे तारेचे खालचे टोक, तोडायची असते. आरपार भोकात ती इंजिनात पडू शकते, तरी माहितीपत्रकात याविषयी एक शब्दही नाही, हा माझ्या मते गंभीर दोष आहे.

संच केवळ मेट्रिक मापांचा आहे. जुन्या ब्रिटिश इंजिनांतील यूएनएफ किंवा व्हिटवर्थ या इंची मापांच्या आट्यांना तो चालणार नाही. माझा बोल्ट मात्र टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळल्यावर जराही सरकला नाही.