जर्मनी की जपान? एका सत्रासाठी बेळगावातून निघताना

कॉलेजच्या करारातून एक सत्र परदेशात शिकायची संधी आली आणि यादीत जर्मनी आणि जपान अशी दोन नावं दिसली, की आपल्याकडच्या घरांत पहिला प्रश्न असतो, "स्वस्त कुठं पडेल?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचे कागद मी काही वर्षं बघते आहे. माझी पुतणी जर्मनीला जाऊन आली, शेजारचा मुलगा जपानला. दोघांची तयारी जवळून पाहिल्यावर मला वाटतं, स्वस्त-महाग नंतर बघावं. आधी बघायचं ते हे, की घरचा पैसा कधी लागणार आणि किती दिवस अडकून पडणार.

करारातून जाणाऱ्यांना तिथली ट्युशन फी सहसा नसते, इथली भरावी लागते. फरक राहण्या-खाण्याच्या पैशात आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी बहुतेक मुलांना ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे पैसे आधी भरून ठेवायचं कुलूपबंद खातं, काढावं लागतं. महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. हे पैसे बुडत नाहीत. मुलगी तिथं पोचली की दर महिन्याला ९९२ युरो तिच्याच खात्यात सुटतात आणि त्यावरच ती जगते. पण भरायचे असतात एकरकमी, आणि तेही व्हिसाच्या आधी.

आपली अडचण इथं येते. तिकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे पैसे जून-जुलैत तयार हवेत. आपल्याकडं उसाचं गाळप फेब्रुवारी-मार्चपर्यंत संपतं, कारखान्याचं बिल वेळेवर आलं तर ठीक. जूनमध्ये बी-बियाणं, खतं, धाकट्यांच्या फिया, सगळं एकदम अंगावर येतं. माझ्या भावाकडं पैसे होते, पण सप्टेंबरात मुदत संपणाऱ्या ठेवीत. ती मोडायची की सोनं ठेवायचं, यावर घरात आठ दिवस चर्चा चालली. शेवटी ठेव मोडली. एप्रिलचं उन्हाळी सत्र घेतलं असतं तर रक्कम डिसेंबरात लागली असती, तेव्हा कारखान्याची उसाची बिलं नुकतीच सुटायला लागलेली असतात. म्हणून जर्मनी ठरवणाऱ्या शेतकरी घरानं, दोन्ही सत्रांची मुभा असेल तर, कुठलं सत्र घ्यायचं हे बिलाच्या तारखा समोर ठेवून ठरवावं. सरकारी किंवा विद्यापीठाची पुरेशी शिष्यवृत्ती हातात असेल तर ब्लॉक्ड अकाउंटऐवजी तिचं पत्र चालतं. ते आधी विचारून घ्या.

जपानला असं कुलूपबंद खातं लागत नाही. खर्च कोण करणार, त्याचं उत्पन्न किती, खात्यात शिल्लक किती, एवढं दाखवावं लागतं. पैसे आपल्याच बँकेत राहतात आणि नंतर लागतील तसे पाठवता येतात. शिवाय करारातून जाणाऱ्या काही मुलांना जास्सो या जपानी सरकारी संस्थेची महिना ८०,००० येनची मदत मिळते. ती तिथल्या विद्यापीठामार्फतच मिळते, आपण थेट अर्ज करू शकत नाही. त्यामुळं निवडीचं पत्र आलं की त्याच दिवशी मेल टाकून विचारा. शेजारच्या मुलानं विचारलं, त्याला मिळाली. त्याच्याबरोबर निवड झालेल्या मुलीनं महिनाभरानं विचारलं, तोवर जागा संपल्या होत्या. नुसता पैशाचा विचार केला तर माझं मत जपानच्या बाजूनं आहे.

नावा-गावाच्या कागदांचं ओझं मात्र दोन्हीकडं सारखंच, आणि आपल्या भागात ते जरा जास्तच जड. दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव आणि पुढं आद्याक्षरं, आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा, अशी तीन नावांची मुलं मी पाहिली आहेत. महाराष्ट्रात शिकलेल्यांचं नाव आडनावापासून सुरू होतं, कर्नाटक बोर्डाचं वेगळं. पासपोर्ट काढायच्या आधीच कुठलं नाव कायम ठेवायचं ते घरात ठरवा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. गावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी इंग्रजी स्पेलिंग बेळगावीचं झालं, त्याआधीच्या जन्मदाखल्यावर बेलगाम आहे. त्यासाठी घाबरू नका, दोन्ही एकच गाव असल्याचं एका ओळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. जुना दाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा.

व्हिसा कुठून, हा प्रश्न निपाणी-चिक्कोडीकडच्या मुलांना हमखास पडतो. कर्नाटकातल्या रहिवाशांचा अर्ज दोन्ही देशांसाठी बेंगळुरूला जातो, महाराष्ट्रातल्यांचा मुंबईला. घर निपाणीत आणि हॉस्टेल कोल्हापुरात असेल तर कुठला पत्ता धरायचा हे अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर एक फेरी फुकट जाते. बेंगळुरूसाठी रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर रात्रीची गाडीच बरी.

वेळेत मात्र दोन्ही देश वेगळे. जर्मनीत सगळं तुम्हीच करायचं: खातं, विमा, अर्ज, अपॉइंटमेंट. त्यात महिने जातात, आणि वाट बघताना जीव टांगणीला लागतो. जपानला व्हिसाआधी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र तिथलं विद्यापीठच तुमच्यासाठी मागतं. त्याला एक ते तीन महिने लागतात, पण ते आलं की व्हिसा साधारण आठवड्याभरात होतो. ज्यांच्या घरी कागदांमागं धावणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

खोलीचंही तसंच. जपानमध्ये करारातल्या मुलांना बहुतेक वेळा विद्यापीठाचं वसतिगृह मिळतं. बाहेर घर घ्यायचं तर जामीनदार लागतो, म्हणून वसतिगृह सोडू नका. जर्मनीत विद्यार्थी वसतिगृहांना रांग असते. निवड झाल्या झाल्या अर्ज टाका आणि घरमालक पत्ता नोंदवायला लेखी देणार का, हे आगाऊ पैसे द्यायच्या आधी विचारा. त्या कागदाशिवाय नगरपालिकेत पत्ता नोंदवता येत नाही, आणि ती नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते.

आता खाणं. माळकरी, लिंगायत, जैन घरांतल्या मुलांसाठी याच मुद्द्यावर पारडं फिरतं. जपानमध्ये भाजीच्या सूपमध्ये, सॉसमध्ये, कधी नुसत्या उकडलेल्या भाजीतही माशाचं पाणी असतं. त्याला दाशी म्हणतात. डोळ्यांना काही दिसत नाही, विचारावंच लागतं. जर्मनीत शाकाहारी पदार्थ सहज मिळतात, पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. आपला मिक्सर, इंडक्शनची शेगडी तिथं चालते, कारण वीज २३० व्होल्टची आहे. जपानची वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर तिथं नीट फिरणार नाही. न्यायचाच असेल तर खलबत्ता न्या.

बॅगेत काय भरायचं यावरून आमच्या घरी निघायच्या आदल्या रात्री रडारड झाली. वहिनीनं कुंद्याचा डबा कपड्यांच्या मधोमध बसवला होता, शेजारी तुपाची बरणी. युरोपात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. "आत्या, एकच डबा," म्हणत पुतणी माझ्याकडं बघत राहिली. मी दोन्ही बाहेर काढले. त्या जागी शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला गेला. ताजा कढीपत्ताही काढला, हिरवा पाला आणि भाज्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. जपानला मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं नेऊ नका. औषधांच्या बाबतीत तर तो देश फारच कडक आहे. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असतं त्या तिथं चालत नाहीत, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधंही परवानगीशिवाय एका महिन्यापुरतीच नेता येतात. दमा, थायरॉइड, फिट्सची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या.

कामाची मुभा दोन्हीकडं आहे. जपानमध्ये परवानगी काढून आठवड्याला २८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. पण एका सत्रात कमाईचा हिशोब धरून निघू नका, भाषा जमेपर्यंतच निम्मं सत्र सरतं. भाषेबाबत एक गोष्ट मला फार आवडली. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागून लागतात. 'गाक्कोऽ नि इकु' म्हणजे सरळ 'शाळेला जातो'. मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या आपल्या मुलांना ही रचना पटकन बसते. अवघड आहे ती लिपी.

क्रेडिटच्या बाबतीत मात्र मी जर्मनीला वर ठेवीन. तिथल्या सत्राचे ३० क्रेडिट युरोपभर एकाच मापाने मोजतात, त्यामुळं इथल्या विभागप्रमुखांना ते समजावणं सोपं जातं. जपानमध्ये इंग्रजीतले विषय मोजकेच असतात, ते तुमच्या शाखेचे असतीलच असं नाही. कुठल्या विषयाबदली कुठला विषय धरणार, त्या कागदावर निघायच्या आधीच इथली सही घ्या. परत आल्यावर ती मिळवताना एका मुलाचं अख्खं वर्ष लांबलं. जर्मनीतल्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात, तोवर इथं पुढचं सत्र सुरू झालेलं असतं, म्हणून हजेरीबद्दलही लेखी घ्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर, घरचा पैसा उसात असेल, मूल सगळं खाणारं असेल आणि विषय जुळत असतील तर मी जपान म्हणेन. शाकाहारी असेल, किंवा एकही क्रेडिट वाया जाऊन चालणार नसेल, तर जर्मनी, पण मग सहा लाखांची सोय निवडीच्या अर्जाआधी करून ठेवा. आणि फोनच्या वेळा आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा. जपानमधून मूल रात्री नऊला फोन करील तेव्हा इथं संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील. जर्मनीतून हिवाळ्यात रात्री आठला करील तेव्हा इथं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील, आणि आमची आई त्या वेळेपर्यंत फोन उशाशी घेऊन जागी राहायची.