ड्राय आइस की ड्राय शिपर?

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ड्राय शिपर म्हणजे द्रव नायट्रोजनने थंड केलेलं वाहतुकीचं पिंप. नावात दोन्हीकडे 'ड्राय', म्हणून नवखा माणूस हमखास गोंधळतो. गोठवलेला माल पुण्याहून बाहेर पाठवायचा असेल तर आधी एवढंच विचारा: आत जिवंत पेशी आहेत का?

असतील, तर माझ्या मते ड्राय आइसचा विषय तिथेच संपला. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश. पण साधारण उणे १३५ च्या वर बर्फाचे स्फटिक हळूहळू वाढत राहतात आणि पेशींना इजा करतात. 'दोनच दिवसांचा तर प्रवास' म्हणून काहीजण पाठवतात. मास्टर सेल बँक, म्हणजे ज्यातून पुढचं सगळं उत्पादन वाढवतात तो मूळ पेशींचा साठा, मी तरी पाठवणार नाही. ड्राय शिपरच्या अस्तरात द्रव नायट्रोजन शोषलेला असतो, आत उणे १५० च्या खाली थंडावा आठवडाभर सहज टिकतो. सांडणारा द्रव उरलेला नसेल तर विमानात तो धोकादायक मालात मोजत नाहीत. मात्र पिंप उभंच राहायला हवं. आडवं झालं की टिकाव झपाट्याने घटतो, आणि गोदामातला हमाल 'ही बाजू वर'चा बाण वाचेलच असं नाही. शिवाय भाडं, रिकामं पिंप परत आणणं वेगळंच.

प्रथिनांचा बल्क (कुप्यांत भरण्याआधीचा द्रव) असेल तर ड्राय आइस पुरतो आणि स्वस्तही पडतो. पण त्याच्या खोड्या आहेत. बाटलीचं झाकण किंचित सैल असलं की कार्बन डायऑक्साइड आत शिरून पीएच घसरतो, म्हणजे द्रव आम्लधर्मी होतो. पिशवीतून पाठवत असाल तर थंडीने प्लॅस्टिक कडक होतं, धक्क्याने तडकतं. बाहेर कडक कवच हवंच. खोकं हवाबंद करायचं नाही, एका किलोचा पाचशे लिटरच्या आसपास वायू होतो. बाहेर यूएन १८४५ (धोकादायक मालाच्या यादीतला ड्राय आइसचा क्रमांक) आणि ड्राय आइसचं निव्वळ वजन लिहावं लागतं.

आमचं एक खोकं शुक्रवारी कस्टममध्ये अडकलं. सोमवारी उघडलं तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता, डेटा लॉगरवर (वाटेतलं तापमान नोंदवणारं यंत्र) उणे ११. तेव्हापासून कुरिअरवाल्याला दर विचारण्याआधी 'वाटेत बर्फ कोण भरणार?' हे विचारतो, आणि माल सोमवारीच काढतो.

साठवणुकीचं थोडक्यात: उणे ८० चा फ्रीझर विजेवर जगतो, नायट्रोजनची टाकी टँकरवाल्यावर. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, त्यामुळे फ्रीझरला जनरेटर. टाकीच्या खोलीत ऑक्सिजनचा अलार्म, नायट्रोजन गळून हवेतला ऑक्सिजन घटला तर कळावं म्हणून.

वेळ हाताशी असेल तर फ्रीझ-ड्राइंग (गोठवून पाणी काढून माल कोरडा करणं) जमतं का तेही तपासा. पुण्याच्याच जेनोवा कंपनीने २०२२ मध्ये मंजूर झालेली एमआरएनए लस तशी करून २ ते ८ अंशांवर, साध्या फ्रिजमध्ये आणली.