प्लॅटिनम की ग्लोबलिस्ट? फोंड्यातल्या एका फिरत्या माणसाचा हिशेब

धंद्यातल्या एका मित्राने परवा फोनवर विचारलं, "तू वर्षाला साठेक रात्री बाहेर काढतोस, मग त्या हॉटेलांच्या कुठल्या साखळीत टाकतोस?" त्याचा प्रश्न साखळ्यांच्या सदस्य-योजनांचा. एका साखळीत वर्षभरात ठरावीक रात्री काढल्या की वरची पायरी मिळते, आणि तिच्यासोबत नाश्ता, उशिरा खोली सोडणं अशा सवलती. फोनवर दहा मिनिटं बोललो, तरी अर्धं राहूनच गेलं. राहिलेलं इथे लिहितो. त्याला लिंक पाठवली की माझं काम झालं.

आधी माझी परिस्थिती. कुंडईला छोटं युनिट आहे, औषध कंपन्यांच्या पॅकिंग लाइनचे सुटे भाग करतो. गिऱ्हाइकं हैदराबाद, अहमदाबाद, बडोदा या पट्ट्यात, म्हणजे महिन्याला पाच-सहा रात्री ठरलेल्या. घरी बायको आणि दोन मुलं. सुट्टीला आम्ही फारसे लांब जात नाही. गोव्यात राहून पुन्हा गोव्यातल्याच रिसॉर्टवर दोन दिवस पडून राहणारी जी जमात आहे, त्यातले आम्ही.

आधी तीन वर्षं मॅरियट साखळीची बॉनव्हॉय ही योजना केली, त्यात दोनदा प्लॅटिनम पायरी आणि एकदा तिच्यावरची टायटॅनियम. गेली दोन वर्षं हयात साखळीच्या वर्ल्ड ऑफ हयात योजनेत ग्लोबलिस्ट या पायरीवर आहे. या सगळ्या पायऱ्या स्वतःच्या पाठीवर झोपून मिळवल्यात, एवढाच माझा अधिकार. हिल्टनचं डायमंड कधी केलं नाही, म्हणून त्याबद्दल फारसं बोलणार नाही.

आता आकडे. बॉनव्हॉयमध्ये प्लॅटिनमला 50 रात्री, टायटॅनियमला 75. त्यावर अ‍ॅम्बॅसेडर आहे, पण त्याला 100 रात्री आणि वर 23,000 डॉलरचा खर्च लागतो. म्हणजे साधारण वीस लाख रुपये. माझ्यासारख्याने ते दार लांबूनच बघावं. हयातचं ग्लोबलिस्ट 60 रात्रींवर मिळतं, किंवा एक लाख बेस पॉइंटवर. खर्चाच्या एका डॉलरला पाच बेस पॉइंट, म्हणजे वीस हजार डॉलर. तोही मार्ग आपला नव्हे.

कागदावर पाहिलं तर बॉनव्हॉय सरळ सरळ स्वस्त पडतं. एचडीएफसीचं मॅरियट कार्ड 2023 च्या ऑगस्टमध्ये आलं. तीन हजार रुपये अधिक कर अशी वर्षाची फी, आणि खात्यात दहा रात्री आपोआप जमा. म्हणजे प्रत्यक्षात चाळीसच झोपायच्या. ग्लोबलिस्टला साठ. वीस रात्रींचा फरक आहे, आणि खिशातून भरणाऱ्या माणसासाठी तो लाखाच्या पलीकडे जाऊ शकतो. वर बॉनव्हॉयची हॉटेलं देशभर दीडशेहून अधिक. बेळगावला फेअरफील्ड आहे, नाशिकला कोर्टयार्ड आहे. गिऱ्हाइकाच्या कारखान्याजवळ हयात नसल्याने ज्या रात्री माझ्या हिशेबात आल्याच नाहीत, त्या मोजल्या तर वाईट वाटतं. एकट्याने फिरणारा माणूस असाल आणि फिरणं लहान शहरांत असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बॉनव्हॉय घ्या.

टायटॅनियमसाठी मात्र जीव काढू नका असं मी म्हणेन. पन्नासाव्या रात्रीला जे मिळतं, त्यात पंचाहत्तराव्या रात्रीला फार काही भर पडत नाही. बोनस पॉइंट 50 टक्क्यांवरून 75 वर जातात आणि आणखी एक वार्षिक भेट निवडता येते. मी त्या वर्षी डिसेंबरात पाच रात्री कमी पडल्या म्हणून धावाधाव केली. डिसेंबरातले गोव्यातले दर काय असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. तो खर्च अजून बायकोने माफ केलेला नाही.

आता एक दुखणं, जे दोन्हीकडे सारखंच आहे. रात्र खात्यात पडायची तर बुकिंग साखळीच्या स्वतःच्या साइटवरून, अ‍ॅपवरून किंवा कंपनीच्या करारातल्या दराने हवं. एका ट्रॅव्हल एजंटाने माझ्या सहा रात्री "सर, स्वस्तात बसवलं" म्हणून कुठल्यातरी पोर्टलवरून काढल्या. वाचले अडीच-तीन हजार, पण सहा रात्री खात्यातून गेल्या. काउंटरवरची मुलगी बिचारी दोनदा माझा नंबर टाकून पाहत होती. तिच्या हातात काही नव्हतं. तेव्हापासून तिकिटं एजंटाकडे, हॉटेल माझ्याकडे.

हिशेबनीसाची कटकटही सांगून ठेवतो. परराज्यातल्या हॉटेलचा जीएसटी त्या राज्यात लागतो, त्यामुळे गोव्यातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या करातून वजा करता येत नाही. म्हणून "कंपनीच्या खर्चात जातंय" असं म्हणताना जरा हात राखून म्हणा.

मग कागदावर स्वस्त पडणारं सोडून मी हयातकडे का गेलो? एका नाश्त्यामुळे. हसू नका.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉटेल कुठलं ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. समुद्राकाठचं रिसॉर्ट, जुलै महिना, बाहेर पाऊस धो धो. आम्ही चौघं नाश्त्याला बसलो. धाकट्याने वॉफलवर इतकं मध ओतलं होतं की ताटलीच्या काठावरून टेबलक्लॉथवर पिवळा ओघळ येत होता. मोठी तेरा वर्षांची. ती दुसऱ्यांदा उठून क्रॉसां घेऊन आली. एवढ्यात काळ्या चामडी फोल्डरात बिल आलं. वेटर खाली वाकून हळूच म्हणाला, "सर, तुमचं आणि मॅडमचं आहे त्यात. मुलांचं हे." त्याने ते जेवढ्या सौजन्याने करता येईल तेवढ्या सौजन्याने केलं. पण मुलीने ऐकलं. तिने क्रॉसां उचलून माझ्या ताटलीत ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मला भूक नव्हती."

रक्कम काही फार नव्हती. पण त्या सकाळी मी वर खोलीत जाऊन पहिल्यांदा नियम नीट वाचले. तोवर वाचले नव्हते, तो दोष माझाच.

बॉनव्हॉयमध्ये प्लॅटिनम आणि त्यावरच्यांना जिथे नाश्ता मिळतो, तिथे तो सदस्य आणि सोबतचा एक जण यांना. मिळण्याची तऱ्हाही ब्रँडागणिक वेगळी. कुठे लाउंजमध्ये (हॉटेलातली खास पाहुण्यांची बैठकीची जागा), कुठे रेस्टॉरंटमध्ये, कुठे "स्वागताची भेट म्हणून पॉइंट घेता की नाश्ता?" असा प्रश्न. काही ब्रँडांच्या यादीत तो नाहीच. त्यामुळे चेक-इनला दर वेळी विचारावं लागतं. मला विचारायचा कंटाळा आहे. मागे रांग, हातात मुलाची ओली छत्री, आणि मी काउंटरवर कोपर टेकून पुटपुटतोय, "ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे ना? आणि मुलांचं?" हे मला जमत नाही. बायको म्हणते, हा माझा अहंकार आहे. असेल.

हयातमध्ये ग्लोबलिस्टचा नियम एका ओळीचा आहे. खोलीत नोंदवलेल्या सगळ्यांना पूर्ण नाश्ता, दोन मोठे आणि दोन मुलांपर्यंत. जिथे क्लब लाउंज आहे तिथे तो लाउंजमध्ये. आमचं कुटुंब नेमकं त्या ओळीच्या मापाचं आहे. तुम्हाला मुलं नसतील, किंवा तीन असतील, तर माझा सगळा युक्तिवाद तुमच्यासाठी इथेच कोसळतो.

आणि खरं बोलायचं तर आपल्याकडे बरेचदा मॅनेजर स्वतःहून मुलांचं बिल सोडून देतो. गोव्यातल्या हॉटेलांत माणसं प्रेमळ असतात, लहान पोर दिसलं की पॅनकेक स्वतः आणून देतात. तरी "सोडून दिलं" आणि "होतंच" यातला फरक मला टोचतो. दुसऱ्याला टोचणार नाही.

बाकीच्या सवलतींत दोघं जवळपास बरोबरीत आहेत. दुपारी चारला खोली सोडण्याची हमी दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे रिसॉर्टांना तिच्यातून वगळलंय. तिथे जागा असेल तर मिळेल. गोव्यात निम्म्या हॉटेलांच्या नावातच रिसॉर्ट असल्याने इथे ते कलम शोभेचं. हैदराबादला मात्र संध्याकाळचं विमान असलं की सोनं. पहिल्या मजल्यावर बॅग पडलेली, आपण मीटिंग करून यायचं, अंघोळ करायची, मग निघायचं.

स्वीटच्या, म्हणजे साध्या खोलीऐवजी मोठी खोली मिळण्याच्या बाबतीत हयात मला उजवं वाटतं. अपग्रेडचं कूपन बुकिंग करतानाच लावता येतं आणि तिथल्या तिथे पक्कं होतं. बॉनव्हॉयच्या कूपनचं मुक्कामाच्या जेमतेम काही दिवस आधी कळतं, आणि माझ्या नशिबात बहुतेकदा "क्षमस्व" असायचं. हा माझा अनुभव, मोजमाप नव्हे. पॉइंट वापरण्यातही तसंच. हयातकडे हॉटेलांच्या वर्गवारीचा तक्ता आहे, कुठल्या वर्गाच्या हॉटेलाला किती पॉइंट ते त्यात दिसतं. मॅरियटने आपला तक्ता 2022 मध्ये काढून टाकला, तेव्हापासून तिथला भाव मासळी बाजारासारखा रोज बघावा लागतो. उलट मॅरियटमध्ये पॉइंटवर पाच रात्री घेतल्या तर एक फुकट, ती सोय हयातमध्ये नाही.

गोव्यातली निवड? मॅरियटचा हात इथे कितीतरी लांब आहे. मिरामारचं जुनं मॅरियट, वागातोरला डब्ल्यू, मोबोरला सेंट रेजिस, हणजूणला वेस्टिन, बाणावलीला फेअरफील्ड. हयातकडे बांबोळीचं ग्रँड हयात, माजोर्ड्याचं अलिला दिवा आणि कांदोळीतली दोन, हयात सेंट्रिक आणि हयात प्लेस. मला फोंड्याहून बांबोळी जवळ. रात्री आठला दुकान बंद करून निघालं तरी जेवायला पोचतो.

कमी पडणाऱ्या रात्री भरायच्या असतील तर बाहेरचे लोक डिसेंबरात तडफडतात. गोंयकाराने ते पावसाळ्यात उरकावं. जून ते सप्टेंबर दर उतरलेले असतात, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झालाय. त्यावर गेलात की अठरा. मी मागच्या पावसाळ्यात चवथीनंतरच्या आठवड्यात तीन रात्री कांदोळीला काढल्या. दिवसा कुंडईला काम, रात्री तिकडे झोपायला. शेजारच्या काकूंनी बायकोला हळूच विचारलं, "सगळं बरं आहे ना घरात?"

आता शेवटचं पारडं. ग्लोबलिस्टच्या वाटेवर 'गेस्ट ऑफ ऑनर' नावाची कूपनं मिळतात. ती ज्याला द्याल, त्याला त्या मुक्कामात तुमच्याच सवलती, नाश्ता धरून. पूर्वी पॉइंटवरच्या बुकिंगवर हे हवं तितकं करता यायचं, 2024 पासून मोजून मिळतात. गोव्यात राहणाऱ्याला पाहुण्यांची कमतरता नसते. मे महिन्यात कोल्हापूरहून ताई, भावजी आणि दोन्ही भाचरं आली, त्यांना मी माजोर्ड्याला एक कूपन लावून दिलं. भावजी तसे कडक, साखर कारखान्यात लेखापाल होते. दुसऱ्या दिवशी मला फोन. "अरे, सकाळी बिलच आलं नाही. मी तीनदा विचारलं. विसरलेत वाटतं, तू बोलशील का?"

मी म्हटलं, "भावजी, तेच तर आहे."

यंदाच्या कूपनांतलं आता एकच शिल्लक आहे. दिवाळीला ताईने पुन्हा मागितलंय, आणि मेहुण्याला त्याच तारखांना कांदोळीला यायचंय. कोणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. बायकोसमोर हा विषय मी काढलेलाही नाही.