एका रात्रीत चौदा पानं

आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. दादा फ्रान्सला, ल्योंमध्ये असतो. तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवू म्हणाला, रिपोर्ट तेवढे फ्रेंचमध्ये करून पाठव. मी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळ भाषांतराची पाटी बघून एकाकडे गेले. (फ्रेंच चालते ती कॅनडातल्या क्वेबेकात, आमच्या कॉर्नरवर नाही, हे आता सुचतंय.)

"ताई, कॅन्सरच्या फायली रोज असतात आमच्याकडे. फ्रेंच डॉक्टरच पॅनलवर आहेत." पानाला १,२०० रुपये, १४ पानं, एकूण १६,८००. सगळे आधी, यूपीआयवर. बिल मागितलं तर "नंतर घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल तयार, पानापानावर गोल शिक्का. मला तर कौतुकच वाटलं.

दादाने वाचलं आणि फोनवर गप्पच झाला. कॅन्सरच्या स्टेजला फ्रेंचमध्ये 'स्ताद' म्हणतात. याने इंग्रजी शब्द तसाच ठेवलेला, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो इंटर्नशिप! लिम्फ नोडच्या (लसिका ग्रंथीच्या) जागी दोरीला मारतात ती गाठ. इथवर हसून सोडलं असतं. पण हर-टूच्या (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) ओळीत मूळ रिपोर्ट म्हणतो '२+', म्हणजे अनिश्चित, फिश नावाची जनुकांची तपासणी केल्याशिवाय ठरत नाही. फ्रेंच कागदावर थेट 'पॉझिटिव्ह'. ट्रास्टुझुमॅबसारखं महागडं औषध द्यायचं की नाही, ते याच ओळीवरून ठरतं. दादाने मूळ कागद शेजारी ठेवून वाचलं म्हणून सापडलं.

फोन केला तर आधी "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम", मग नंबर ब्लॉक. पॅनलवरच्या डॉक्टरांचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.

कोणाला असं काम करून घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी नाव झाकून रिपोर्टच्या दोनच ओळी द्या, आणि ते भाषांतर फ्रेंच येणाऱ्या तिसऱ्याच माणसाकडून वाचून घ्या. फ्रान्समध्ये अपील कोर्टं शपथबद्ध भाषांतरकारांच्या याद्या काढतात. दादाने शेवटी त्यातलीच एक बाई गाठली. तिने काम घेण्याआधी विचारलं, हॉस्पिटलला भाषांतर हवंय का, हे विचारलंत? आम्ही विचारलंच नव्हतं. डॉक्टर इंग्रजी रिपोर्ट वाचायला तयार होते.

पोलिसांत अर्ज दिलाय. पैशांचं एक वेळ सोडा, आईची अख्खी फाइल, आधारच्या झेरॉक्ससकट, अजून त्याच्या कॉम्प्युटरवर आहे.