स्टिकर बेसचं, डबी गिटारची: हेडफोन अँप घेताना झालेली फसवणूक

गणपती जवळ आले की कोकणातल्या ऑर्केस्ट्रावाल्या आणि बेंजो पार्टीवाल्या पोरांच्या मोबाईलवर वाद्यांच्या स्वस्त जाहिरातींचा पूर येतो. त्यातल्याच एका जाहिरातीवरून मी बेस गिटारसाठी (खर्जाचे सूर देणारी गिटार) हेडफोन अँप, म्हणजे वाद्याचा आवाज फक्त हेडफोनमध्ये देणारी छोटी डबी, मागवला आणि हातात आली ती भलतीच डबी. गेले 2,350 रुपये. एवढ्याशा रकमेसाठी कोण तक्रार करत बसणार, असं म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. विकणाऱ्याचा धंदा त्या गप्प बसण्यावरच चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर मालवण तालुक्यात. भिंती चिऱ्याच्या, वर लाकडी माडी, भिंतीपलीकडे काकांचं बिऱ्हाड. सरावाला वेळ मिळतो तो रात्रीची जेवणं आटोपल्यावर. गिटार हळू वाजवली तर कुणाला त्रास होत नाही, बेसचं तसं नाही. अँपचा आवाज कितीही खाली घ्या, खर्जाचा हादरा फळ्यांतून उतरतो आणि काकू सकाळी विचारते, "रात्री काय धडधडत होतं रे?" त्यात पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. थेट बेसच्या जॅकमध्ये खोचायची, सेलवर चालणारी आणि कानापुरता आवाज देणारी डबी हवी होती ती यासाठी.

अशा डब्या चांगल्या मिळतात. व्हॉक्स कंपनीच्या अ‍ॅमप्लग मालिकेत बेससाठी वेगळं मॉडेल असतं आणि ते दोन ट्रिपल ए सेलवर चालतं. टीव्हीच्या रिमोटचे हे सेल वाडीतल्या दुकानातही असतात, त्यामुळे आमच्याकडे चार्जिंगवाल्या यंत्रापेक्षा ते सोयीचं. बॉस कंपनीच्या 2024 मध्ये आलेल्या कटाना गो या डबीमध्ये बेससाठी वेगळा मोड आहे, पण त्याची किंमत बरीच वरची. 'बेससाठी वेगळं' हे शब्द नुसते जाहिरातीचे नाहीत. बेसची मोकळी (बोटाने न दाबलेली) ई तार साधारण 41 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 41 कंपनांनी, वाजते, गिटारची सर्वांत जाड तार 82 ला, म्हणजे पूर्ण एक सप्तक वर. गिटारसाठी बनवलेल्या यंत्राला त्या खालच्या भागाची पर्वा करायचं कारण नसतं.

जाहिरातीत एका नावाजलेल्या कंपनीच्या बेस मॉडेलचा फोटो होता आणि किंमत दुकानातल्या निम्म्याहूनही कमी. 'दुकान बंद करतोय, शेवटचे पीस' ही नेहमीची ओळ होतीच. सोबत व्हिडिओ, त्यात एक जण झकास वाजवतोय. आता हा व्हिडिओ मोबाईलवर बघताना काय होतं ते सांगतो, कारण फसवणुकीची खरी गोम तिथे आहे. मोबाईलच्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर पडतच नाही. आपल्या कानावर येतात ते त्याच सुराचे वरचे अंश, 123, 165 आणि त्यावरचे, आणि तेही बरेचसे वरचेच. त्या अंशांवरून मेंदू मूळ सूर स्वतःच ताडतो आणि आपल्याला वाटतं की खर्ज ऐकला. म्हणजे मोबाईलवर बेसचा कुठलाही व्हिडिओ ठीकच वाटतो. त्यावरून डबीची पारख होणं शक्यच नाही.

पैसे आधी भरायचे होते. 'तुमच्या पिनकोडला कॅश ऑन डिलिव्हरी नाही' असं उत्तर आलं आणि त्यात संशय घ्यावा असं काही नव्हतं, कारण आमच्या वाडीपर्यंत कुरिअर खरोखरच येत नाही. पार्सल तालुक्याच्या ऑफिसात उतरतं, तिथून आपण आणायचं. माणसासमोर खोका उघडून बघण्याची शहरातली सोय इथे नाही. हे त्या लोकांना नीट ठाऊक असतं.

खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, एमआरपी नाही. परदेशातून आलेल्या पाकीटबंद मालावर या गोष्टी छापलेल्या असणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. डबीवर 'बेस' असं स्टिकर होतं. नखाने त्याचा कोपरा उचलला तर खाली दुसरी अक्षरं छापलेली दिसली, गिटार मॉडेलची.

तरी आधी वाजवून पाहिलं. सूर बरोबर, अंगात काही नाही. बाराव्या पडद्यावरची ई आणि मोकळी ई जवळजवळ सारख्याच पातळ, टेलिफोनवरून कुणीतरी बेस ऐकवतोय तशा. नवशिक्या मुलाला यात खोट कळणारही नाही, कारण इथेही मेंदू मोबाईलसारखाच सूर भरून काढतो. दोष हेडफोनचा नाही ना, हे बघायला फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घेतलं आणि तोच वायरचा हेडफोन लावून 41 हर्ट्झ वाजवला. कानाच्या पाळ्या थरथरल्या. म्हणजे हेडफोन निर्दोष.

विकणाऱ्याला लिहिलं. उत्तरं तयारच होती. पन्नास तास वाजवा, मग आवाज मोकळा होईल. तुमचा बेस पॅसिव्ह (आत सेलवरचं सर्किट नसलेला) आहे. हेडफोन बदला. मग ब्लूटूथ हेडफोन लावून बघा! जाहिरातीतही 'वायरलेस हेडफोन चालतात' असं होतं, आणि हे तर वाजवणाऱ्या माणसाची थट्टा करणं झालं. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत सोळावा भाग, म्हणजे एका ठोक्याचा पाव हिस्सा, 125 मिलिसेकंदांचा असतो. तार आत्ता छेडायची आणि ऐकू यायची पुढच्या भागावर, असा सराव करून ताल सुधारेल की बिघडेल? चांगल्या यंत्रांत ब्लूटूथ असतं ते बहुतेक फोनवरचं गाणं आत घेऊन त्याच्याबरोबर वाजवण्यासाठी. कान मात्र वायरनेच जोडायचे.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मिक्सर आणि स्पीकर दुरुस्त करणारा एक मित्र आहे. त्याने स्क्रू काढले, भिंग लावलं आणि हसला. "अरे, हेच्यात बेस इलो तरी भायर पडतलो खंयसून?" हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवलेला होता. हा छोटा भाग जितक्या कमी मायक्रोफॅरडचा, तितका तो खर्ज जास्त अडवतो. 32 ओहमच्या साध्या हेडफोनबरोबर तो सुमारे 226 हर्ट्झच्या खालचा आवाज उतरवत नेतो. 41 पर्यंत पोचेस्तोवर जवळजवळ 15 डेसिबल गेलेले असतात. त्याच जागी 220 चा असता तर हा उतार 23 हर्ट्झच्या आसपास सुरू झाला असता आणि ई तार शाबूत राहिली असती. दोन कपॅसिटरमधला खर्चाचा फरक किरकोळ आहे. पण ज्याने ही डबी बनवली त्याच्या डोक्यात बेस नव्हताच. तो कुणाच्या डोक्यात आला तर स्टिकर चिकटवणाऱ्याच्या.

मित्राने कपॅसिटर बदलून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, पुरावा म्हणून डबी जशीच्या तशी हवी होती. स्टिकर उचललेले फोटो पाठवल्यावर मला ब्लॉक केलं गेलं.

त्यानंतर वेगळ्याच नंबरवरून गोड आवाजात फोन. 'रिफंड मंजूर झालाय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.' यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. ज्याला एकदा ठकवलं त्याचा नंबर पुढे जातो, ही टोळ्यांची पद्धत. एखाद्याने पिन टाकलाच असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ते गोठवता येतात, उशीर झाला की हाती फार काही लागत नाही.

नुसत्या खराब किंवा खोट्या मालाची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर होते. मी केली. पण विकणाऱ्याच्या पानावर नाव-पत्ताच नसल्यामुळे समोरचा पक्ष कोण, इथेच गाडी अडली आणि माझे पैसे काही परत आले नाहीत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाईन विक्री करणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवायचं असतं. तेव्हा पैसे भरण्याआधी पानावर हे तिन्ही शोधा. नाव-पत्ता असलेल्या विक्रेत्याने फसवलं तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कुरिअरच्या ऑफिसातच, काउंटरवर, पत्त्याच्या चिठ्ठीपासून मध्ये न थांबता व्हिडिओ घेत खोका उघडा. तिथली माणसं कंटाळतात, कंटाळू देत.

मी सध्या वापरतोय तो अँप कुडाळच्या एका वादकाकडून जुना घेतला. माझा बेस आणि माझाच हेडफोन घेऊन त्याच्या घरी गेलो आणि पैसे काढण्याआधी बराच वेळ मोकळी ई वाजवत बसलो. त्याच्या आईला वाटलं असणार की ह्याला वाजवताच येत नाही.

ते पान नाव बदलून पुन्हा चालू झालंय, व्हिडिओ तोच आहे. ओळखायची खूण सांगून ठेवतो: वादकाच्या हातातला बेस पाच तारांचा आहे, आणि सर्वांत जाड तारेला तो शेवटपर्यंत हात लावत नाही.