झोपेत दात खाण्यावर ॲक्रिलिकचं नाइट गार्ड: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

झोपेत दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं आवरण, घ्यावं की नाही, असं ओळखीतले बरेच जण मला आता विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी वरच्या दातांसाठी कडक ॲक्रिलिकचं गार्ड करून घेतलं. तेव्हापासून एखाददुसरी रात्र सोडली तर ते रोज तोंडात आहे. मत आधीच सांगून टाकते. गार्डने माझं दात खाणं थांबलेलं नाही, तरी पैसे वसूल झाले असं मी ठामपणे म्हणेन. आणि ते वसूल झाले याचं निम्मं श्रेय त्या वस्तूचं, निम्मं ती नीट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा घासून देणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचं.

त्रास असा होता. सकाळी उठलं की दोन्ही कानशिलं ठणकायची आणि जबडा आवळून धरल्यासारखा असायचा. इंदूरमध्ये दिवसाचा पहिला घास पोह्यांचा, तोही वर जिरावण मसाला आणि सेव घातलेल्या. ती सेव चावताना कानापुढचा सांधा दुखायचा. थंड पाणी प्यायलं की खालच्या दाढा शिवशिवायच्या. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले असायचे, गालाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ उठलेली. करकर आवाजाने नवऱ्याची झोप मोडायची, मला मात्र काहीच कळायचं नाही. या दुखण्याचं हेच वाईट आहे. ज्याला असतं त्याला बहुधा दुसऱ्याकडून कळतं, आणि जो एकटा झोपतो त्याला दात झिजल्यावर.

सासूबाई म्हणाल्या, "जंताचं औषध घेऊन टाक एकदा." आपल्याकडे घरोघरी पहिला संशय जंतांवरच जातो. डॉक्टरांनी माझ्या बाबतीत तो संबंध साफ नाकारला. लहान मुलं झोपेत दात खातात हे तर फारच सर्रास दिसतं, आणि बहुतेकांचं वय वाढेल तसं ते आपोआप कमी होतं. मोठ्यांमध्ये शंभरातल्या साधारण आठ-दहा जणांना ही सवय असते असं धरतात.

होतं काय, तर झोपेत मेंदू मधूनच क्षणभर जागेपणाकडे सरकतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यामागोमाग चावण्याचे स्नायू लयीत आवळले जातात. हे बहुतेक वेळा हलक्या झोपेत घडतं. म्हणून झोप उथळ करणारी प्रत्येक गोष्ट यात भर घालते: मनावरचा ताण, रात्रीचा चहा-कॉफी, दारू, तंबाखू. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे वाढू शकतं. तुम्ही तशी गोळी घेत असाल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. दात वेडेवाकडे असल्यामुळे माणूस दात खातो, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. 2018 साली या विषयातल्या जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने जे मांडलं त्यात, बाकी निरोगी माणसाच्या बाबतीत याला आजार न म्हणता स्नायूंची एक हालचाल म्हटलं आहे. दात, सांधा किंवा दुसरं काही बिघडण्याचा धोका किती, ते बघायचं. त्यामुळे "तुमचे चांगले दात थोडे घासून चावा जुळवून देतो, सवय जाईल" असं कोणी म्हणालं तर कृपा करून आधी दुसरं मत घ्या. एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, एकदा गेलं की परत येत नाही.

आणखी एक गोष्ट गार्डच्या आधीची आहे. तुम्ही जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांना वाटत असेल किंवा पूर्ण झोपूनही दिवसभर डोळे मिटत असतील, तर आधी त्याची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास थांबण्याचा आजार आणि दात खाणं पुष्कळदा एकाच माणसात सापडतात, आणि वरच्या दातांच्या गार्डने काही जणांचं श्वासाचं दुखणं वाढल्याचं दिसलं आहे. माझ्या डॉक्टरांनी माप घेण्याआधी हे सगळं विचारलं, नवऱ्यालाही विचारलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याकडून मी गार्ड करून घेतलं नसतं.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तात्पुरतं म्हणून ऑनलाइन मागवलेलं मऊ गार्ड वापरून पाहिलं. गरम पाण्यात बुडवायचं, तोंडात घालून चावायचं, म्हणजे दातांचा आकार घेतं. त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. तोंडात जाड रबर असल्यासारखं वाटायचं, आणि रबर मिळालं की जबडा ते चघळत बसतो. माझी कानशिलं त्या काळात जास्तच दुखली आणि दाढेपाशी लवकरच आरपार भोक पडलं. मऊ गार्डने काही जणांमध्ये स्नायूंचं काम उलट वाढतं, हे नंतर डॉक्टरांकडूनही ऐकलं. ज्यांचं दात खाणं अगदी हलकं आहे त्यांना ते पुरत असेल, माझ्यासारख्यांना नाही. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी गार्डंही मिळतात. ती सतत वापरली तर मागच्या दाढांना टेकायला काही उरत नाही आणि त्या हळूहळू जागा सोडू शकतात, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

आता खऱ्या गार्डविषयी. रामबागेजवळच्या एका मराठी डॉक्टर बाईंकडे करून घेतलं. माप घ्यायला तोंडात पेस्ट भरलेला ट्रे घालतात, तो घट्ट होईपर्यंत धरून ठेवायचा. मला ओकारीची भीती होती. "ताई, मान थोडी पुढे घ्या आणि नाकानेच श्वास घ्या," एवढ्या सूचनेने निभावलं. काही दवाखान्यांत आता छोट्या कॅमेऱ्याने दात स्कॅन करतात, तिथे हाही त्रास नाही. लॅबमधून गार्ड यायला आठवडाभर लागतो.

आलेलं गार्ड पारदर्शक, गुळगुळीत, काचेसारखं कडक. दातांवर दाबलं की टक् आवाज करून बसतं. मला वाटलं, झालं काम. पण खरं काम तिथून पुढे सुरू झालं. डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरला, अगदी पातळ, कार्बन पेपरसारखा, आणि म्हणाल्या, "हळू चावा. पुन्हा. आता दात न उघडता डावीकडे सरका." गार्ड काढून मला दाखवलं. उजव्या दाढांच्या जागी गडद निळे ठिपके, आणि डावीकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे रात्रभर सगळा भार एकाच बाजूने पडला असता. त्यांनी गडद ठिपके बारीक मशीनने घासले, पाण्याने धुऊन गार्ड परत तोंडात, परत कागद. असं करत करत दोन्ही बाजूंना सारखे फिके ठिपके येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. जबडा बाजूला सरकवला की दाढा सुटायला हव्यात आणि फक्त सुळ्याने टेकायला हवं, हेही त्यांनी तसंच जुळवून घेतलं. शेवटी पॉलिश.

थोड्या दिवसांनी परत बोलावलं तेव्हा ठिपके पुन्हा हललेले होते. कारण विचारलं तर म्हणाल्या, आवळलेले स्नायू सैल पडायला लागले की जबडा थोड्या वेगळ्या जागी मिटतो, म्हणून गार्डही त्याप्रमाणे परत घासावं लागतं. माझं कानशिलांचं दुखणं खऱ्या अर्थाने उतरलं ते या दुसऱ्या-तिसऱ्या घासणीनंतर. हे एवढं लांबवून सांगायचं कारण असं, की आमच्याच भागातल्या दुसऱ्या एका ठिकाणी मला याहून स्वस्त दर सांगितला होता: माप द्या, आठवड्याने घेऊन जा, परत यायची गरज नाही. माझ्या एका नातेवाईक ताईंनी तसं गार्ड घेतलं. उंच लागतं, सांधा दुखतो म्हणून ते आता कपाटात पडून आहे, आणि "गार्डने काही होत नाही" हे त्या सगळ्यांना सांगतात. मला याची फार चुटपुट लागते. गार्ड तयार मिळालं तरी ते बसवून घेणं राहिलेलं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

सुरुवातीचे दिवस कठीण जातात. लाळ खूप सुटते, उशी ओली होते, गार्ड घालून बोललं तर शब्द बोबडे येतात. पहिल्या काही रात्री मी झोपेतच ते काढून टाकत होते, सकाळी पांघरुणात सापडायचं. सकाळी गार्ड काढल्यावर थोडा वेळ दात नीट जुळत नाहीत, हे मलाही होतं आणि पोह्यांची बशी समोर येईपर्यंत जातं. ते दिवसभर राहिलं तर मात्र लगेच दाखवायला हवं.

फरक काय पडला? सकाळचं डोकं दुखणं आता अधूनमधून. दाढांची शिवशिव बरीच कमी, त्यात शिवशिवीवरच्या टूथपेस्टचाही वाटा आहे. नवरा म्हणतो, करकर जाऊन आता दबका आवाज येतो. आणि गार्ड ट्यूबलाइटसमोर धरलं की डाव्या सुळ्याच्या जागी चकचकीत झिजलेला पट्टा स्पष्ट दिसतो, बोट फिरवलं तर खळगा लागतो. तेवढी झीज या काही महिन्यांत माझ्या सुळ्याची झाली असती. माझ्या लेखी गार्डची किंमत तिथेच भरून निघाली.

पण मार्चअखेर ऑफिसात हिशेबांचं काम अंगावर आलं तेव्हा गार्ड असूनही कानशिलं पुन्हा ठणकली. गार्ड ढाल आहे, औषध नव्हे. 2007 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही, गार्डमुळे झोपेत दात खाणं बरं होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, दातांची झीज वाचण्यात कदाचित फायदा असेल, असाच निष्कर्ष निघाला होता.

त्या मार्चमधल्या दुखण्यावर उतारा पडला तो दिवसाची सवय बदलून. काम करताना मी तासन्‌तास दात आवळून बसते हे डॉक्टरांनी लक्षात आणून दिलं. वास्तविक खाणं-गिळणं धरूनही दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना फार थोडा वेळ लागायला हवेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. कॉम्प्युटरच्या कडेला एक लाल ठिपका चिकटवला आहे, तो दिसला की जबडा सोडते. ज्यांना गार्ड आत्ता परवडत नाही त्यांनी निदान हे आजपासून करावं, याला पैसे पडत नाहीत.

रात्रीचं खाणंही बदललं. इंदूरचा माणूस सराफ्याला, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराला, नाही म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही, पण जेवून लगेच आडवं होणं बंद केलं. आंबट वर चढलं की आम्लाने एनॅमल मऊ पडतं आणि त्यावर झोपेत दात एकमेकांवर घासले गेले तर झीज कितीतरी वेगाने होते. संध्याकाळनंतर चहा नाही. जबडा दुखतो त्या दिवशी कडक सेव-चिवडा बाजूला, खिचडी नाहीतर भुट्ट्याचा कीस. उशाशी गरम पाण्याची पिशवी असते, ती गालफडांवर धरली की आवळलेपण सुटतं.

बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दलही विचारलं होतं. स्नायूचा जोर कमी होतो, परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. माझ्या दुखण्याला एवढ्याची गरज नाही असं ठरलं.

निगा सोपी आहे, पण रोजची. सकाळी काढल्याबरोबर साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवायचं. टूथपेस्ट लावायची नाही, तिच्यातल्या खरखरीने चरे पडतात. गरम पाणी तर अजिबात नाही, आकार बिघडतो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोअरिंगचं. बोअरिंगच्या जड पाण्याने गार्डवर पांढरा थर बसतो, म्हणून मी पिण्याच्या पाण्यानेच धुते. कवळी धुण्याच्या गोळीत अधूनमधून भिजवते. डबी भोकं असलेली हवी, बंद डबीत ओलं ठेवलं तर वास धरतं.

मला घासण्याच्या सगळ्या फेऱ्या धरून साडेचार हजार रुपये लागले. दर विचारताना हाच प्रश्न विचारा: घासून जुळवण्याच्या फेऱ्या यात धरल्या आहेत का, आणि निळ्या कागदाने तपासता का? ज्यांना दाढेवर कॅप किंवा मोठं फिलिंग करून घ्यायचं आहे त्यांनी ते आधी उरकावं. माझी खालची एक दाढ चिरलेली आहे, तिच्यावर पुढच्या महिन्यात कॅप बसेल. गार्ड वरच्या दातांचं असल्याने ते बसेल, पण खालून टेकणारी जागा बदलणार, म्हणून त्या दिवशी गार्ड सोबत आणायला डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय.